पंधरापट नागोराव

कापडाला कात्री लावायच्या आधी भीमराज टेलरनं एकच प्रश्न विचारला आणि तिथूनच सगळं बिनसायला सुरुवात झाली.

"हा शर्ट कोणाचा?"

"कोणाचाच नाही, काकाजी," संघर्ष म्हणाला. "जाहिरातीचा आहे. पाण्याच्या टाकीवर लटकवाचा आहे."

"थे समजलं. पण माप कोणाचं?"

संघर्षनं खिशातून कंपनीचा कागद काढला. त्यावर चाळीस नंबरच्या शर्टाची सगळी मापं होती आणि प्रत्येक मापापुढं संघर्षनं स्वतःच्या हातानं पंधरानं गुणाकार केलेला होता. भीमराजनं कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

"हा चाळीस नंबर कुठी राह्यते?"

संघर्षनं त्याला समजावलं, की चाळीस नंबर म्हणजे कोणी माणूस नव्हे, तो एक आकडा आहे, आणि रेडिमेडवाले आकड्यांवरच कपडे शिवतात. भीमराजनं हे एखाद्याच्या घरची वाईट बातमी ऐकावी तसं ऐकून घेतलं. त्याच्या उस्तादानं त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती आणि ती पाळत त्याची चाळीस वर्षं गेली होती. अंगाचं माप घेतल्याशिवाय कात्री चालवायची नाही. बिनमापाचं कापड जगात एकच, ते म्हणजे कफन. तेव्हा एखादा हाडामांसाचा माणूस आण, त्याचं माप घेतो, मग पंधरापट कर की पन्नासपट कर, असं त्यानं सांगून टाकलं.

इथं संघर्षची ओळख करून द्यायला हवी. ‘संघर्ष आउटडोअर पब्लिसिटी, दारव्हा’ या नावाखाली एक जुनी मोटरसायकल, दोन भोंगे, एक शिडी आणि स्वतः संघर्ष एवढा पसारा होता. साल दोन हजार सहा. कापसाचं सगळं गणित फिसकटलेलं. जिनिंगच्या शेडांत त्या वर्षी कापसापेक्षा चिमण्या जास्त होत्या आणि बाजार समितीच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग चार-चार दिवस हलत नव्हती. अशा वर्षी जिल्ह्यात गावोगाव नव्या शर्टांची दुकानं उघडावीत असं कोणा शहाण्याला वाटलं नसतं, पण ‘डॅशमन’ शर्टवाल्या कंपनीला वाटलं. कंपन्यांना वर्तमानपत्रं वाचायची सवय नसते.

डॅशमनच्या जाहिरातीचं काम संघर्षला मिळालं आणि त्याचे पहिले दोन प्रयोग तालुक्यात फार गाजले. पहिल्यात त्यानं नवाकोरा शर्ट घातलेला पुतळा मोटरसायकलवर मागं बांधून आठवडी बाजारांतून फिरवला. बोरीच्या बाजारात लोकांना वाटलं, बेशुद्ध माणसाला दवाखान्यात नेत आहेत. त्यांनी रस्ता मोकळा केला, दोघं पुढं धावत गेले आणि जेवायला बसलेल्या डॉक्टरला हात धुवायला लावून घेऊन आले. दुसऱ्या वेळी त्यानं पाच पुतळे काळी-पिवळी जीपच्या टपावर उभे केले. पुतळे मुक्कामी पोचले, शर्ट पोचले नाहीत.

म्हणून कंपनीचा एरिया मॅनेजर बादल राठोड यानं शेवटचं सांगितलं होतं. दारव्ह्याच्या दुकानाचं उद्घाटन ज्या दिवशी, त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत एक तरी शर्ट विकून बोहनी झाली पाहिजे. झाली तर आर्णी, कळंब, दिग्रस सगळी दुकानं संघर्षची. नाही झाली, तर काम नागपूरच्या पार्टीला. आणि काम गेलं तर पुढं काय, हेही ठरलेलं होतं. पुण्यातल्या मावसभावानं संघर्षसाठी वॉचमनची नोकरी पाहून ठेवली होती, गणवेशसुद्धा पाठवून दिला होता. आई तुळसाबाईनं तो इस्त्री करून खुंटीला लावला होता. संघर्षला दारव्हा सोडायचं नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की आपल्या गावानं एकदा मान वर करून पाहावं आणि ते आपल्यामुळे पाहावं.

तर, हाडामांसाचा माणूस. तो दुकानातच बसलेला होता. नागोराव.

नागोराव बाकावर कोपऱ्यात बसून जुन्या शर्टाची कॉलर उलटवून मिळायची वाट पाहत होता. येऊन बसून त्याला तासभर झाला होता, पण तो आहे हे संघर्षच्या लक्षात आलं नव्हतं. यात संघर्षची चूक नव्हती. नागोराव बाजार समितीत तीस वर्षं मापारी होता. तालुक्यातला झाडून सगळा कापूस त्याच्यासमोर काट्यावर चढला होता, झाडून सगळे शेतकरी त्याच्या खांद्याशी येऊन उभे राहिले होते, पण काट्यापाशी उभ्या माणसाची नजर काट्यावर असते. मापाऱ्याच्या तोंडाकडं पाहायला सवड कोणाला? वजनं उचलून उचलून नागोरावचा उजवा खांदा खाली गेला होता, वाकून वाकून पाठीला बाक आला होता आणि मान पुढं निघाली होती. पोरीच्या लग्नात त्यानं यवतमाळहून एक रेडिमेड शर्ट आणला होता. त्याचं एक टोक कमरेला आणि दुसरं मांडीला लागत होतं. त्यानंतर त्यानं भीमराजशिवाय दुसऱ्याचा शर्ट अंगाला लावला नाही.

"नागोराव, उभा राय," भीमराज म्हणाला.

उभं राहा म्हटलं की उभं राहायचं आणि कारण विचारायचं नाही, ही नागोरावची जुनी सवय होती. भीमराजला त्याचं माप झोपेतही सांगता आलं असतं, तरी त्यानं गळ्यातला टेप काढून सगळं नव्यानं मोजलं. उजवा खांदा सव्वा इंच खाली. पंधरापट केला की दीड फुटाच्या वर.

निदान खांदे तरी सारखे करा, अशी संघर्षनं विनंती केली.

"माप म्हणजे माप," भीमराज म्हणाला. "लबाडी कराची असन तं रेडिमेडवाल्याकडं जाय."

"मी रेडिमेडवाल्याकडूनच आलो ना, काकाजी."

यावर भीमराजनं टेप परत गळ्यात अडकवला. एवढं मोठं कापड शिवणारा दुसरा टेलर गावात नव्हता आणि दिवस उरले होते नऊ. इतक्या उंचावर गेल्यावर कोणाला काय दिसणार आहे, अशी संघर्षनं स्वतःची समजूत घातली. माणूस अडला की त्याला अशा समजुती फार सुचतात.

शर्ट शिवला गेला बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडात. आभाळी रंगाचं पाचशे मीटर कापड. भीमराजचा टेप पुरेना म्हणून त्यानं नाड्याला गाठी मारून नवा टेप केला, खडू पुरेना म्हणून चुन्याच्या रेघा ओढल्या. मशीन शर्टाच्या आत शिरली आणि तिच्यामागं भीमराजही शिरला. घेराला टीप मारायला बसला तेव्हा मशीन सकाळी दाराशी होती, ती संध्याकाळी खिडकीशी निघाली. दुपारचा डबा घेऊन आलेली तुळसाबाई पोरगा कुठं आहे म्हणून हाका मारत सुटली, तेव्हा तो डाव्या बाहीतून ओ देत होता आणि बाहेर यायची वाट त्याला सापडत नव्हती. बटणं म्हणून पेंटच्या डब्यांची झाकणं पांढरी रंगवून लावली. काजं मात्र भीमराजनं हातानं केली, एकेकाला दोन-दोन तास घालवून. खालून ती कोणाला दिसणार नाहीत, असं संघर्षनं सुचवून पाहिलं.

"मले दिसन ना," भीमराज म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी उजाडता उजाडता आठ हमालांनी दोर लावून शर्ट टाकीवर चढवला. टाकी बाजार समितीच्या बरोबर समोर होती आणि तिच्या पायथ्याशी डॅशमनचं काचेचं दुकान. ही जागा संघर्षनं विचार करून निवडली होती. चार दिवस एका जागी बसून असलेली दोन-अडीचशे माणसं दुसरीकडं कुठं मिळणार?

आधी नुसतं कापड लोंबत होतं. मग सूर्य जरा वर आला, दिग्रसच्या बाजूनं वारा सुटला आणि शर्टात माणूस शिरला.

छाती भरली, बाह्या हलल्या, कॉलर उभी राहिली. साडेसदतीस फुटांचा शर्ट गावाच्या डोक्यावर श्वास घेऊ लागला. रांगेतल्या गाड्यांवर पांघरूण घेऊन झोपलेली माणसं एकेक करून उठून बसली. चहावाल्याचं दूध उतू गेलं आणि ते त्याला विझलेल्या स्टोव्हच्या वासानं कळलं. शाळेत निघालेली पोरं रस्त्याच्या मधोमध थांबली, त्यांच्यामागं एसटी थांबली, आणि कंडक्टर घंटी मारायचं सोडून स्वतःच खाली उतरून वर पाहू लागला. तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. संघर्षला हुंदका आवरेना, पण सगळ्यांच्या माना वर असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

नऊ वाजता बादल राठोडची गाडी आली. बादल मूळचा दिग्रसकडच्या तांड्यावरचा, पण आता नागपूरच्या ऑफिसात बसणारा. त्यानं गॉगल काढून वर पाहिलं, मान डावीकडं कलती केली, उजवीकडं कलती केली.

"संघर्ष, शर्ट वाकडा आहे."

वारा तिरपा आहे, असं संघर्ष म्हणाला. बादलनं त्याला आठवण करून दिली, की वारा डोंगराकडून येत असला तरी खांदा शिंप्याकडून येतो. कंपनीचा चाळीस नंबर जगात सगळीकडं सरळ असतो, त्याला इथंच लकवा कसा झाला? उजवीकडचा दोर ताणून तो खांदा वर घ्या, असा त्यानं हुकूम केला. हमालांनी दोर ताणला. खांदा वर आला, पण पोट फिरलं, बटणांची रांग वळली आणि सगळा शर्ट कोणीतरी बकोट धरल्यासारखा दिसू लागला. खालून लोक कुरकुरायला लागले. चांगल्या भल्या शर्टाला कशाला त्रास देता, असं एकानं ओरडून विचारलं.

रांगेत तिसऱ्या गाडीवर सुखीबाई बसली होती. बादलच्याच बाजूच्या तांड्यावरची बंजारा म्हातारी, दरसाल स्वतःच्या गाडीसोबत स्वतः येणारी. ती मघापासून डोळ्यांवर हात धरून एकटक पाहत होती.

"सोडा थे दोर," ती म्हणाली. "वाकडा नाही थो. थो नागोराव आहे."

हमालांनी दोर सोडला. खांदा आपल्या जागी उतरला, पाठीत बाक भरला, कॉलर जराशी पुढं झुकली. आणि खरंच, टाकीवर नागोराव उभा होता. काट्यावर वाकून, आकडा वाचायच्या बेतात.

अडीचशे माणसांनी एकाच वेळी ओळखलं. ज्यांनी तीस वर्षांत त्याच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं, त्यांच्या नाकासमोर तीस वर्षं तोच खांदा होता. आपला कापूस किती भरतो म्हणून श्वास रोखून उभं राहायचं ते याच खांद्यामागं. ‘बापरे’ असं कोणीतरी हळूच म्हणालं. एकानं डोक्यावरची टोपी काढली, मग ती का काढली हे न कळून परत घातली.

मग सगळ्यांना नागोराव पाहिजे झाला. तो आवारात काट्याचं तबक झाडत होता. एवढी माणसं आपल्याकडं येताना पाहून त्याला वाटलं, वजनाची तक्रार आहे. काटा बरोबर आहे, सकाळीच तपासला, असं तो घाईघाईनं सांगू लागला. त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं आणि वर पाहायला सांगितलं. नागोरावनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माया शर्ट इतला मोठा कोणं केला?" त्यानं विचारलं.

सुखीबाई गाडीवरून उतरली. कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर आली आणि वर नाही, तर त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"तुयं तोंड असं आहे का?" ती म्हणाली. "तीस साल झाले कापूस आणून राह्यली. आज पाह्यलं."

नागोराव परत वर पाहू लागला. लोकांनी त्याला चहा दिला, तो त्यानं वर पाहतच घेतला. कोणी खुर्ची आणली, पण बसलं की टाकीच्या कठड्यामुळे कॉलर दिसत नव्हती, म्हणून तो उभाच राहिला. बाजार समितीच्या सचिवांनी काटा सुरू करायला दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा ते स्वतः आले आणि तेही वर पाहत उभे राहिले.

हे सगळं फार सुंदर होतं, फक्त दुकानात कोणी जात नव्हतं. फीत कापून झाली होती, पेढे वाटून झाले होते, सहा विक्रेते हात बांधून काचेआड उभे होते. संघर्षनं भोंगा हातात घेतला आणि डॅशमनच्या शर्टाचं वर्णन सुरू केलं. पुढच्या गाडीवाल्यानं विचारलं, की असाच अंगाबरोबर शिवलेला शर्ट या दुकानात मिळतो का? खोटं बोलायची संघर्षला सवय नव्हती. जाहिरातीच्या धंद्यात ही मोठीच अडचण असते. नाही, इथं रेडिमेड मिळतो, असं त्यानं सांगितलं. मग हा कोणी शिवला? भीमराजनं. भीमराज कुठं बसतो? संघर्षनं हात लांब करून दाखवलं.

लोक तिकडं निघाले. भीमराजचं दुकान सहा बाय आठ फुटांचं. बारा वाजेपर्यंत त्याच्यासमोरचा रस्ता बंद झाला. पंधरापट करूनही ज्यानं माणूस ओळखू येऊ दिला, त्याच्या हातचा शर्ट एकदा अंगावर पडावा, असं प्रत्येकाला वाटत होतं. भीमराज मान वर न करता एकामागून एक मापं घेत होता. कापड कंपनीचं, दोर कंपनीचा, टाकीची परवानगी कंपनीची आणि जाहिरात कोणाची, हे बादलनं पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसून मोजलं आणि तीन वाजता संघर्षला बोलावलं. त्याची ऑफिसातली शुद्ध मराठी तोवर संपली होती.

"हे पाय, संघर्ष. दोन तास आहेत. एक तं थो शर्ट उतरव अन् तू पुण्याले जाय. नाही तं त्या माणसाले आपल्या शर्टात उभा करून दाखव सगळ्याईसमोर. डॅशमन त्याले बसते, हे लोकाईनं डोळ्यानं पाह्यलं पाह्यजे."

संघर्ष आधी भीमराजकडं गेला. काही युक्ती सुचते का, एखादा चोरटा टाका, खांद्यात थोडा कापूस? भीमराजनं मशीन थांबवली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"बेटा, थो खांदा तीस सालचा आहे. तुया कंपनीच्या आज्यालेही नाही जमणार."

तिथून तो नागोरावकडं आला. नागोराव सकाळी उभा होता त्याच जागी होता. संघर्षनं त्याला सगळं खरं सांगितलं. पाच वाजताचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं, खुंटीवरच्या गणवेशाचंही सांगितलं. नागोरावनं पहिल्यांदाच टाकीवरची नजर काढली. त्याचा चेहरा उतरला होता.

"माया खांद्यापायी तुयं काम जाऊन राह्यलं का?"

नाही, तसं नाही, असं संघर्ष म्हणू लागला. पण ते तसंच होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. नागोराव दुकानाकडं चालू लागला. दुसऱ्याच्या दारात बूट-चप्पल कुठं काढायची, हे न कळून त्यानं चप्पल हातात घेतली. लोक त्याच्यामागं निघाले. भीमराजच्या दुकानासमोरची गर्दीही फुटून इकडं आली आणि काचेला नाकं लावून उभी राहिली. आता फजिती होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नागोरावची ती लग्नातली गोष्ट गावात नवी नव्हती.

विक्रेत्यानं चाळीस नंबर काढून दिला. आभाळी रंगाचाच. नागोराव पडद्याआड गेला. बाहेर संघर्षनं डोळे मिटून घेतले. पुण्याला थंडी फार असते का, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

पडदा सरकला. कोणी हसलं नाही, म्हणून संघर्षनं डोळे उघडले.

शर्ट बसला होता. नुसता बसला नव्हता, शिवण खांद्याच्या हाडावर, कफ मनगटावर, दोन्ही टोकं एका रेषेत. नागोराव आरशासमोर उभा राहून त्या माणसाकडं अदबीनं पाहत होता, जणू तो आरशातला आधी बोलेल आणि मग आपण बोलावं. त्याची मान वर होती. पाठ सरळ होती.

गर्दी बाजूला सारत भीमराज आत आला. त्यानं विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. टेप काढून डावा खांदा मोजला, उजवा मोजला. पुन्हा मोजला. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा मोजला.

"नागोराव," तो हळू म्हणाला, "खांदा कुठी गेला?"

नागोरावनं स्वतःच्या उजव्या खांद्याकडं पाहिलं. त्यालाही तो तिथं असेल असं वाटलं होतं.

"काय माहीत, बाप्पा. सकाळपासून वर पाहून राह्यलो. ध्यानच नाही राह्यलं."

भीमराज बाकावर बसला. चाळीस वर्षांत त्यानं माणसांना बसतील असे हजारो शर्ट शिवले होते. शर्टानं माणूस सरळ केलेला त्यानं आज पहिल्यांदा पाहिला, आणि शर्ट त्याच्याच हातचा होता. आनंद मानावा की तीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं म्हणून दुःख करावं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं नागोरावच्या पाठीवरून हात फिरवला, कापडाची सुरकुती काढायला फिरवतात तसा, आणि सुरकुती नव्हती.

बादलनं शर्ट कंपनीतर्फे भेट म्हणून जाहीर केला. नागोरावनं मान हलवली. बोहनी फुकटात होत नाही, एवढं तो तीस वर्षं बाजारात राहून शिकला होता. त्यानं जुन्या शर्टाच्या खिशातून पैसे काढून दिले. भिंतीवरच्या घड्याळात पाचाला दहा मिनिटं कमी होती.

त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. काचेचं दार बिजागरीतून निखळलं. रात्री आठपर्यंत दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या. ज्यांनी भीमराजकडं मापं दिली होती त्यांनीही एकेक डॅशमन घेतला, कारण तो घातला की खांदा सरळ होतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी माणसं शर्ट घेऊन भीमराजच्या दारात उभी होती. कोणाची बाही लांब, कोणाचं पोट बाहेर. भीमराजनं प्रत्येकाला सांगितलं, की यात शर्टाची चूक नाही, तुम्ही टाकीवर गेला नाहीत. आणि मग टाके उसवून शर्ट नीट करून दिले. ती रांग आठ दिवस चालली.

तुळसाबाईनं गणवेश उसवून त्याच्या बाजाराच्या दोन पिशव्या केल्या. कापड मजबूत निघालं.

पुढचं दुकान आर्णीचं. बादलचा हुकूम होता, की तिथल्या टाकीवर तिथलाच माणूस पाहिजे आणि उद्घाटनाला नागोराव पाहिजे. म्हणून एका सकाळी संघर्ष, भीमराज आणि नागोराव असे तिघं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आर्णीला गेले. भीमराजनं वाटेत सांगून ठेवलं होतं, की माणूस शोधायला घाई करायची नाही. ज्याच्याकडं कोणी पाहत नाही असा माणूस पाहायला वेळ लागतो.

पण बाकीच्या जीपा त्यांच्या आधी पोचल्या होत्या आणि जीपांबरोबर बातमीही. तिघं स्टँडवर उतरले आणि उतरल्या जागीच थांबले. आर्णीच्या स्टँडवर एकाचाही खांदा जागेवर नव्हता. पानवाला डावीकडं कलला होता, एसटीचा कंट्रोलर उजवीकडं. एक मास्तर पाठीला बाक काढून सकाळपासून येरझारा घालत होता आणि अधूनमधून भिंतीला टेकून विश्रांती घेत होता. कॉलेजातली चार पोरं तर इतकी वाकडी उभी होती, की त्यांना एकमेकांचा आधार लागत होता. आणि प्रत्येकजण डोळ्याच्या कोपऱ्यातून टेपवाला टेलर आला का ते पाहत होता.

नव्या दुकानाचा मालक हार घेऊन नागोरावला शोधत होता. त्यानं नागोरावला कधी पाहिलं नव्हतं, फक्त खांदा ऐकला होता. आभाळी शर्टातल्या ताठ माणसाजवळ तो आला. "जरा बाजूला होता का, साहेब," असं म्हणून पुढं गेला. मग त्याची नजर स्टँडच्या टोकाशी गेली. तिथं रामधन हमाल सोयाबीनचं पोतं उतरवून नुकताच उभा राहिला होता. त्याला बातमी माहीत नव्हती, बातमी ऐकायला त्याला फुरसत नव्हती. त्याचा डावा खांदा मात्र खराच खाली होता. मालकानं जाऊन हार त्याच्या गळ्यात घातला आणि टाळ्या वाजवल्या. सगळं स्टँड टाळ्या वाजवू लागलं.

चूक दुरुस्त करायला संघर्ष पुढं निघाला, तर नागोरावनं त्याचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याच्याकडं पह्यलांदा पाहून राह्यले लोकं."

रामधननं हाराकडं पाहिलं. मग टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडं पाहिलं. कोणी त्याला पोतं उचलायला सांगत नव्हतं. त्याची हनुवटी थोडी वर आली. डावा खांदा किंचित हलला, आणखी किंचित हलला.

ते सगळ्यात आधी भीमराजला दिसलं. साठीचा भीमराज गळ्यातला टेप ओढत, त्या वाकड्या गर्दीतून वाट काढत, चप्पल एकीकडं आणि आपण एकीकडं असा धावत सुटला.

"हार काढा त्याचा आधी," तो ओरडत होता. "माप घेऊ द्या, बाप्पा. सरळ होऊन राह्यला थो."